फायबरच्या होडीची दुरुस्ती: कोणत्या जागी कोणतं भरण?

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण होडी आहे. औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णेवरचं सिद्धेश्वर धरण, कळमनुरी तालुक्याच्या हद्दीवर पैनगंगेवरचं इसापूर आणि जिल्ह्याला लागून जिंतूर तालुक्यातलं येलदरी या जलाशयांत रोहू, कटला, मृगळ धरून शेकडो घरांची चूल पेटते. पूर आला की गावात अडकलेली माणसं बाहेर काढायलाही होडीच लागते. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा ही गरज पुन्हा एकदा सगळ्यांना दिसली.

होड्या आता बऱ्याच ठिकाणी फायबरच्या झाल्या आहेत. फायबर कुजत नाही आणि गंजत नाही, पण फुटतं. आपल्या जलाशयांचे काठ काळ्या दगडांचे आहेत. पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर येतात. होडी रोज त्या दगडांवरून ओढली जाते, बुंध्यावर आदळते. कोकणात बंदराजवळ फायबरचं काम जाणणारा कारागीर सापडतो. इथे मात्र मालक हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि ‘काहीतरी पुट्टी द्या’ म्हणतो. दुकानदार एम-सील देतो किंवा मोटारीच्या गॅरेजात वापरतात ती बॉडी पुट्टी देतो. भोक बुजतं, होडी पाण्यात जाते आणि एखाद्या दिवशी भर पाण्यात ते भरण निसटतं.

हा लेख अशा मालकांसाठी, मच्छीमार संस्थांसाठी आणि बचावाच्या होड्या सांभाळणाऱ्यांसाठी आहे. त्यातलं मुख्य सूत्र आधीच सांगतो: होडीला ताकद काचेच्या कापडातून मिळते, भरणातून नाही. भरण खड्डा बुजवतं, सांधा घट्ट करतं किंवा पृष्ठभाग सपाट करतं. या तीन कामांसाठी वेगवेगळ्या भुकट्या आहेत. एकीच्या जागी दुसरी वापरली तर दुरुस्ती टिकत नाही.

आधी इजा ओळखा

आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या फायबर होड्या पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या मॅटच्या असतात. वर जेलकोटचा रंगीत, चकचकीत थर असतो. तो अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो आणि त्याच्या आत खरं फायबर असतं. दुरुस्तीला हात घालण्याआधी इजा कुठवर गेली आहे ते पाहा.

होडी उलटी करून सावलीत ठेवा आणि रुपयाच्या नाण्याने बूड ठोकत चला. फायबर शाबूत असेल तिथे आवाज कडक, टणटणीत येतो. थर आतून सुटले असतील किंवा पाणी मुरलं असेल तिथे तो बोदा, दबका होतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने खूण करा. पुष्कळदा वरून बोटाएवढी दिसणारी चीर आतून तळहाताएवढी पसरलेली असते आणि ते या ठोकण्यातूनच कळतं.

आता इजेचा प्रकार ठरवा. फक्त जेलकोटला ओरखडा असेल तर ते वरवरचं काम आहे. फायबरचे धागे उघडे पडले असतील, पण भोक नसेल, तर आधी काचेचा थर आणि मग भरण. आरपार भोक किंवा तडा असेल तर पूर्ण थर नव्याने बांधावे लागतात. नट-बोल्टची भोकं सैल झाली असतील तर तिथे दाब सोसणारं भरण हवं.

पॉलिएस्टर की इपॉक्सी?

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे आणि लवकर सुकतं. पण सुकताना ते ५ ते ८ टक्के आकसतं आणि जुन्या, वाळलेल्या फायबरला त्याची पकड बेताची असते. इपॉक्सी बरंच महाग आहे, पण फार कमी आकसतं, जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरतं आणि पाणीही कमी शोषतं. पाण्याखाली येणारी आणि भार सोसणारी प्रत्येक जागा इपॉक्सीने करा. पाण्याच्या रेषेवरचे किरकोळ ओरखडे पॉलिएस्टर जेलकोटने भरले तरी चालतात.

इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. म्हणून एकदा इपॉक्सीने दुरुस्ती केली की त्यावर जेलकोट लावायच्या भानगडीत पडू नका. वरून दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग द्या. तो द्यायचाच, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि पुढे त्याची पूड सुटते.

मोटारीची बॉडी पुट्टी म्हणजे पॉलिएस्टरमध्ये घातलेली शंखजिऱ्याची भुकटी. ती घासायला सोपी असते, म्हणून गॅरेजवाल्यांना आवडते. पण ती पाणी पिते. पाण्याखाली ती काही महिन्यांत फुगते आणि कडेने सुटते. होडीच्या बुडाला ती कधीही लावू नका. एम-सील हे इपॉक्सीच आहे आणि पाण्यावर असताना अचानक गळती लागली तर काठापर्यंत पोचायला ते कामी येतं. ती तात्पुरती सोय आहे. काठावर आल्यावर ते खरवडून काढा आणि रीतसर दुरुस्ती करा.

भुकट्यांची ओळख

नुसतं इपॉक्सी पातळ असतं आणि ओघळतं. त्यात भुकटी कालवली की त्याचं भरण होतं. दुकानात किंवा ऑनलाइन मागवताना या पाच भुकट्या ओळखता आल्या पाहिजेत.

१. *कोलॉइडल सिलिका.* बाजारात एरोसिल किंवा कॅबोसिल या नावांनी मिळते. पांढरीशुभ्र आणि इतकी हलकी की पिशवी उघडली की उडते. थोडीशी घातली तरी इपॉक्सी उभ्या भिंतीवर टिकून राहतं. भरण फार कठीण होतं आणि घासायला जड जातं. चिकटवण्यासाठी, सांध्यांसाठी आणि इतर भुकट्यांना ओघळू न देण्यासाठी ही वापरतात.

२. *बारीक काचतंतू किंवा कापसाचे तंतू.* भरणात तंतू असल्यामुळे त्याला तडा सहज जात नाही. फळी आणि फायबरचा सांधा, आतल्या आडव्या पट्ट्या, मोठी फट अशा जागी हे घाला.

३. *जड खनिज भुकटी.* दाब सोसते. इंजिनाचे बोल्ट, वल्ह्याचे कडे, दोर बांधायचे हूक यांच्याभोवती हिचाच उपयोग. सैल झालेलं भोक मोठं करून या भरणाने पूर्ण बुजवा, ते पक्कं झालं की योग्य मापाचं भोक पुन्हा पाडा. बोल्ट आता लाकडाला किंवा कच्च्या फायबरला न धरता घट्ट इपॉक्सीला धरतो आणि पाणीही आत शिरत नाही.

४. *काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे,* म्हणजे ग्लास मायक्रोबलून. पांढरे आणि हलके. भरण हलकं होतं आणि पॉलिश पेपरने सहज घासलं जातं. पृष्ठभाग सपाट करायच्या फेअरिंगच्या कामाला हेच योग्य.

५. *फिनॉलिक मायक्रोबलून.* जांभळट-तपकिरी रंगाचे, घासायला आणखी सोपे. तेही फेअरिंगसाठीच.

मिशिगनच्या गुजन बंधूंनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या ‘वेस्ट सिस्टीम’ या मालात भुकट्यांना क्रमांक दिलेले आहेत आणि इंटरनेटवरच्या बहुतेक माहितीत तेच क्रमांक भेटतात. ४०३ म्हणजे तंतू, ४०४ म्हणजे जड भुकटी, ४०६ म्हणजे सिलिका, ४०७ आणि ४१० म्हणजे फेअरिंगच्या हलक्या भुकट्या. यातली ४१० अतिशय हलकी आहे, पण ती उष्णतेने मऊ पडते. गडद रंगाच्या पृष्ठभागाखाली ती वापरू नये, असं तिच्याबद्दल सांगितलेलंच आहे. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात हा इशारा गांभीर्याने घ्यावा.

थोडक्यात, चिकटवायचं तर सिलिका, फट सांधायची तर तंतू, दाब सोसायचा तर जड भुकटी, सपाट करायचं तर मायक्रोबलून. घासायला सोपं म्हणून मायक्रोबलूनने भोक बुजवणं ही सगळ्यांत घातक चूक. पोकळ गोळ्यांचं ते भरण एका आदळण्यात चुरतं.

मिश्रण: वजनकाटा हवाच

पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडं कमी-जास्त झालं तर सुकण्याचा वेळ बदलतो. इपॉक्सीचं तसं नाही. हार्डनर हा त्या पदार्थाचाच घटक आहे. तो कमी पडला तर भरण चिकट राहतं, जास्त झाला तरी कमजोर होतं. ‘लवकर सुकावं म्हणून थोडा जास्त टाकला’ हे इथे अजिबात चालत नाही. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं आणि ते डब्यावर छापलेलं असतं. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही रेझिनला वजनाने १०० ला १० हार्डनर लागतो, काहींना आकारमानाने ५ ला १ किंवा २ ला १. वजनाचं प्रमाण आणि आकारमानाचं प्रमाण यांत गल्लत करू नका.

१०० ला १० असं प्रमाण असेल आणि तुम्ही ५० ग्रॅम रेझिन घेतलं, तर हार्डनर फक्त ५ ग्रॅम लागतो. किराणा दुकानातल्या काट्यावर एका ग्रॅमची चूक झाली तर ती हार्डनरच्या हिशेबाने २० टक्क्यांची चूक आहे. म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या.

आधी रेझिन आणि हार्डनर दोन मिनिटं चांगलं ढवळा, भांड्याचे काठ आणि तळ खरवडत ढवळा. भुकटी त्यानंतरच घाला. हार्डनरचं प्रमाण रेझिनवर ठरतं, भुकटीवर नाही. भरण उलथण्यावर घेऊन उलटं धरलं तरी घट्ट श्रीखंडासारखं जागेवर राहिलं की झालं. फेअरिंगसाठी आधी थोडी सिलिका, मग मायक्रोबलून, या क्रमाने घाला.

एक उदाहरण: टोकाजवळचं भोक

समजा होडीच्या पुढच्या टोकाजवळ बुंधा लागून ८ सेंटिमीटरचं भोक पडलं आहे आणि तिथे फायबर ५ मिलिमीटर जाड आहे.

पहिलं काम स्वच्छतेचं. कुणी आधी डांबर किंवा सिलिकॉन लावलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढा, पुसा आणि मग साबणाच्या पाण्याने धुवा. हे झाल्याशिवाय घासायला सुरुवात करू नका. नाहीतर डांबराचा चिकटा घासलेल्या चरांत आणखी खोल जातो आणि त्यावर काहीच धरत नाही. शेवटी अॅसिटोनने पुसा आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्या.

दुसरं, वाळवण. स्वच्छ केलेल्या जागेवर फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून उन्हात ठेवा. काही तासांनी आतून थेंब दिसले तर फायबरमध्ये पाणी मुरलेलं आहे. आणखी वाळवा. गोड्या पाण्यात फायबरमध्ये पाणी मुरून फोड येण्याचा त्रास खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा ही पायरी टाळू नका.

तिसरं, उतार. तुटके काठ कापून काढा आणि बाहेरच्या बाजूने भोकाभोवती जाडीच्या १२ पट उतार घासा. ५ मिलिमीटर जाडीला ६० मिलिमीटर, म्हणजे भोकाभोवती सगळीकडून ६ सेंटिमीटर. ८ सेंटिमीटरच्या भोकासाठी २० सेंटिमीटरचं वर्तुळ घासलं जाईल. एवढं का, असं वाटेल. पण नवीन थरांना जुन्या फायबरवर धरायला तेवढी जागा लागतेच.

चौथं, काच. आतून मेणकागद लावलेली फळी टेकवा. उघड्या फायबरवर आधी साधं, बिनभुकटीचं इपॉक्सी ब्रशने चोळा. मग इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं विणलेलं कापड थरावर थर लावा. ६०० ग्रॅमच्या विणलेल्या कापडाचा एक थर साधारण पाऊण मिलिमीटर होतो, म्हणजे सहा-सात थर लागतील. प्रत्येक थरातली हवा रोलरने काढा. इथे नेहमीची चुरा-तंतूंची मॅट वापरू नका. तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे ती मॅट कडक राहते आणि नीट भिजत नाही.

सहा-सात थर एकाच वेळी लावले तर इपॉक्सी आतून तापून धुमसू शकतं. तीन थर लावा, त्यांची उष्णता उतरू द्या आणि ते अजून किंचित चिकट असतानाच पुढचे तीन लावा. अशा वेळी मध्ये घासावं लागत नाही आणि थर एकजीव होतात.

फेअरिंग: सर्वांत शेवटी

काच पूर्ण पक्की झाली की पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि भांड्यांच्या खरबरीत घासणीने निघतो. अॅसिटोनने तो नुसता पसरतो. आधी धुवा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

आता मायक्रोबलूनचं भरण लावा. पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवा, कारण घासून ते खालीच यायचं आहे. ५-६ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा फेअरिंगने भरायचा प्रसंग आला तर थांबा. तिथे काचेचे थर कमी पडले आहेत, आधी ते वाढवा. घासताना पेपर नुसत्या हाताने धरला तर हात खड्ड्यात शिरतो आणि खड्डा तसाच राहतो. हातभर लांबीच्या सपाट फळीला पेपर लावा आणि तिरकस दोन्ही दिशांनी घासा. मध्ये एकदा गडद रंगाचा पातळ फवारा मारा. पुन्हा घासल्यावर जिथे तो रंग उरेल तो खड्डा.

घासलेल्या भरणात असंख्य पोकळ गोळे उघडे पडलेले असतात आणि त्यांत पाणी शिरू शकतं. म्हणून साध्या इपॉक्सीचे किंवा इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिल्याशिवाय रंग लावू नका. समुद्रातल्या होड्यांना लावतात तो शिंपल्यांपासून वाचवणारा महागडा रंग मात्र आपल्याला लागत नाही.

आपली हवा, आपलं वेळापत्रक

जलाशय उतरलेला आणि होडी कोरडी असते ते दिवस, म्हणजे फेब्रुवारी ते मे, दुरुस्तीला उत्तम. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी हाताळायचा वेळ निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल तर ३५ ला पाव तास आणि मे महिन्याच्या दुपारी ४५ ला जेमतेम सात-आठ मिनिटं. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करा, रेझिनचे डबे सावलीत ठेवा, एका वेळी १००-१५० ग्रॅमच मिसळा आणि खोल पेल्याऐवजी पसरट थाळीत घ्या. जानेवारीत उलट करा. दव पूर्ण उडाल्यावर काम सुरू करा आणि दुपारी तीनपर्यंत उरका. पावसाळ्यात शक्य तोवर इपॉक्सी उघडूच नका.

साध्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांपुढे मऊ पडू लागतं. मेच्या उन्हात काळ्या किंवा गर्द निळ्या होडीचं बूड त्याहून जास्त तापतं. दुरुस्त केलेली होडी पांढऱ्या किंवा फिकट रंगाची ठेवा आणि उन्हाळ्यात ती झाडाखाली किंवा ताडपत्रीखाली उलटी ठेवा.

जिवाची काळजी

हार्डनर कातडी भाजतो आणि त्याची एकदा अॅलर्जी झाली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. नायट्राइलचे हातमोजे वापरा. हाताला लागलं तर साबणाने धुवा, थिनर किंवा अॅसिटोनने कधीही नाही. काच घासताना आणि सिलिका हाताळताना नाक-तोंड झाकणारा चांगला मास्क आणि चष्मा लावा. तोंडाला बांधलेला रुमाल तो धुरळा अडवत नाही. पॉलिएस्टरचं काम करत असाल तर कोबाल्ट (अॅक्सलरेटर) आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट मिसळू नका, त्याचा भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, कॅटॅलिस्ट नंतर.

दुरुस्तीनंतर निदान आठवडाभर होडी पाण्यात घालू नका. मग पहिल्यांदा काठाजवळच्या उथळ पाण्यात, माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या पोत्यांसह तासभर उभी ठेवा आणि आतून हात फिरवून ओल तपासा. कणाच चिरला असेल किंवा बुडाचा मोठा भाग बोदा वाजत असेल तर खर्च करत बसू नका. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुनी होडी-जाळी बदलून घेण्यासाठी मदतीची तरतूद आहे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात तिची सध्याची स्थिती विचारा.

प्रत्येक मच्छीमार संस्थेने दोन तरुणांना हे काम शिकवावं आणि एक पेटी सामाईक ठेवावी: डिजिटल काटा, रेझिन-हार्डनर, विणलेलं कापड, सिलिका, जड भुकटी, मायक्रोबलून, हातमोजे आणि मास्क. एकट्या मालकाला हा खर्च जड जातो, वीस होड्यांच्या संस्थेला नाही. पुढच्या वेळी दुकानात गेलात की ‘पुट्टी द्या’ म्हणू नका. ही जागा भार सोसणार आहे की फक्त सपाट दिसायची आहे, हे आधी स्वतःला विचारा आणि मग भुकटीचं नाव घेऊन मागा.